हरकत कोणाची?

बारकीला बक्षीस मिळाल्याचा आनंद घरात शनिवार दुपारपर्यंत टिकला. या घराच्या मानाने पुष्कळच टिकला म्हणायचा.

बक्षीस तसं लहानसहान नव्हतं. राज्यशास्त्रात ऑनर्स करणाऱ्या मुलांनी शेवटच्या वर्षी स्वतःचं संशोधन करून प्रबंध लिहायचा, परीक्षकांच्या प्रश्नांना तोंड द्यायचं, आणि त्यातल्या एका प्रबंधाला विभागाने पुरस्कार द्यायचा. ज्याला मिळेल त्याने समारंभात आपल्या कामातला निवडक भाग वाचून दाखवायचा, आणि नंतर तो विभागाच्या वार्षिकात छापून यायचा. हे वार्षिक छापत होता तो सहकारी छापखाना. बारकीचे बाबा तिथे मशीनवर होते, आत्या बाइंडिंगमध्ये, थोरला भाऊ संगणकावर पानं लावत होता आणि आजोबांनी उभं आयुष्य तिथलं अध्यक्षपद सांभाळलं होतं. बारकीने वर्षभर याच छापखान्यातल्या कामगारांच्या मुलाखती घेतल्या. सगळ्यांची नावं लपवली, खाती बदलली, एवढंच काय, छापखान्याचा साबणाचा कारखाना केला. इतकी खबरदारी घेतली, पण वार्षिकाची पानं लावायला आपल्याच भावाच्या टेबलावर येणार हे तिच्या डोक्यातही आलं नाही. हुशार माणसांचं असंच असतं. लांबचा खड्डा त्यांना बरोबर दिसतो आणि उंबरठ्याला ठेच लागते.

थोरल्याने शुक्रवारी फाइल उघडली. साबणाच्या कारखान्याचे अध्यक्ष सभेत ठराव वाचतात, चष्मा काढतात, ‘हरकत कोणाची?’ असं विचारतात आणि चष्मा खिशात जायच्या आत ‘एकमताने मंजूर’ म्हणतात, हे वाक्य वाचल्यावर त्याला घाम फुटला. त्याने पानं छापून घरी आणली, रात्रभर दिवाणखान्याच्या टेबलावर विसरला, आणि शनिवारी जेवणं झाल्यावर बाबांच्या हातात दिली.

आता मागच्या खोलीचं दार लोटून चौघं आत होती. समारंभ पाचला होता, चारला टॅक्सी सांगितली होती. आई सकाळची पाळी करून इस्पितळातून आली होती आणि नर्सचा गणवेश न बदलता बारकीच्या कपड्यांना इस्त्री करत होती. एकच बाही तिने आतापर्यंत तीनदा इस्त्री केली होती.

बाबांची अडचण समजण्यासारखी होती. यंदा आजोबांच्या गुडघ्यांनी त्यांना राजीनामा द्यायला लावला, आणि पुढच्या रविवारी त्यांच्या जागेसाठी निवडणूक होती. बाबा उभे होते. छापखान्याच्या जन्मापासून पहिल्यांदाच समोर दुसरा उमेदवार उभा राहिला होता, आणि तो आत्ताचा सेक्रेटरी होता. समारंभात छापखान्याच्या दोन खुर्च्या पुढच्या ओळीत राखून ठेवलेल्या असत. एकीवर बाबा बसणार होते, दुसरीवर सेक्रेटरी.

“तू वाचणार, आणि तो माझ्या शेजारी बसून ऐकणार,” बाबा म्हणाले. “मग पुढचे आठ दिवस तो एवढंच सांगत फिरेल की यांच्या घरातली पोरच म्हणते, इथे एकमत कधी नव्हतंच.”

बारकी म्हणाली की तिने कुणाचंही नाव घेतलेलं नाही.

“नावाची गरजच काय?” थोरला म्हणाला. “एवढा साबण लावलास, तरी आजोबांचा चष्मा लख्ख दिसतोय.”

आईला हसू आलं आणि तिने ते इस्त्रीच्या वाफेत लपवलं. मग तिने मध्यम मार्ग काढला, कारण मध्यम मार्ग काढण्यात तिचा हात या घरात कुणी धरत नव्हतं. प्रबंधात सहा प्रकरणं आहेत ना, मग चौथं तेवढं सोडून दे. अभ्यास कसा केला ते सांग, पुस्तकांत काय म्हटलंय ते सांग. टाळ्या तेवढ्याच पडतील.

“त्या चौथ्यासाठीच बक्षीस दिलंय, आई,” बारकी म्हणाली. “मॅडम म्हणाल्या, बाकीची पाच कुणीही लिहिली असती. ते सोडलं तर मी तिथे उभी राहून काय सांगू? की लोक एकमत करतात आणि ते फार छान असतं?”

ती खिडकीपाशी गेली, परत आली, पलंगावर बसली आणि उठली. तिला आजोबांना दुखवायचं नव्हतं, हे अगदी खरं होतं. शाळेत असताना तिचा अभ्यास घेणारे, तिचे निबंध प्रुफासारखे तपासणारे आजोबाच होते. पण तिला हेही ठाऊक होतं की आज तिने ते पान उलटून टाकलं, तर पुढे आयुष्यभर कुठलंही अवघड पान ती उलटूनच टाकेल. माणसाला सवय लागते. तिने वर्षभर त्याच सवयीचा तर अभ्यास केला होता.

“आणि ती चहावाली बाई कोण?” बाबांनी पानावर बोट ठेवलं. “मुलाखत क्रमांक नऊ.”

“नाव सांगणार नाही, असा शब्द दिलाय मी.”

“बारके, आपल्या छापखान्यात चहा एकच बाई करते.”

“मी सांगणार नाही, बाबा.”

थोरल्याने आढ्याकडे पाहिलं. जे अख्ख्या गल्लीला ठाऊक आहे ते प्राण गेला तरी न सांगण्याचा हा प्रकार त्याला विद्यापीठात शिकवतात असं वाटलं. आणि खरोखरच शिकवतात.

क्रमांक नऊ स्वयंपाकघरात उभी होती आणि भिंतीपलीकडचं सगळं ऐकत होती. आत्याने ओट्यावरचा जुना वर्तमानपत्राचा कागद घेतला, मधोमध घडी घातली, अंगठ्याच्या नखाने दाबली, पुन्हा घडी घातली. बाइंडिंगमध्ये इतकी वर्षं गेली की हात रिकामे असले तरी रिकामे राहत नसत.

मुलाखतीच्या दिवशी ती आधी नुसती हसली होती. भाचीने समोर फोन ठेवून ‘आपण सभासद कधी झालात?’ असं अहो-जाहो करत विचारलं, याचीच तिला गंमत वाटली होती. पण मग ती बोलायला लागली आणि थांबलीच नाही. वादाचा ठराव आला की ती चहा टाकायला उठायची. पाणी उकळायला लागलं की बाहेरचं काही ऐकू येत नाही. आपण हो म्हटलेलं नसतं आणि नाहीही म्हटलेलं नसतं. बाइंडिंगच्या बायकांना मशीनवर घ्यायचं नाही, हा ठरावसुद्धा असाच झाला. मशीन ती जेवणाच्या सुट्टीत शिकली होती, आणि चांगली शिकली होती. त्या दिवशी ती कप घेऊन बाहेर आली तेव्हा ठराव एकमताने मंजूर झाला होता, आणि त्या एकमतात तीही मोजली गेली होती. तिने सगळ्यांना चहा दिला. मशीन तिच्या धाकट्या भावाला, म्हणजे बारकीच्या बाबांना, मिळालं. तो मशीनवर वाईट नव्हता, पण शाई जास्त सोडायचा, अजूनही सोडतो.

हे सगळं तिने सांगितलं होतं खरं. पण सांगणं वेगळं आणि पुढच्या ओळीतल्या माणसांनी ते ऐकणं वेगळं. तिला वाटलं, बारकीने ते पान गाळावं. मग वाटलं, गाळलं तर मी या पोरीचं तोंड पुन्हा बघणार नाही. दोन्ही एकदम वाटत होतं, आणि कागद आता आगपेटीएवढा झाला होता.

तेवढ्यात दिवाणखान्यातून काठीचे दोन ठोके ऐकू आले. दोन ठोके म्हणजे सभा.

आजोबांना घरात सगळे मागून अध्यक्षच म्हणत. समोर मुलं आणि सून त्यांना अण्णा म्हणत, नातवंडं आजोबा म्हणत, पण अध्यक्षपण काही घराबाहेर राहिलं नव्हतं. थोरल्याने नोकरी कुठे करायची, घराला रंग कुठला द्यायचा, बारकीने कॉलेजात कुठला विषय घ्यावा, सगळं याच खोलीत, याच खुर्च्यांवर ठरलेलं होतं. आणि एकमताने. राज्यशास्त्राचा ठरावही एकमताने झाला होता, ही गोष्ट बाबांना आज राहून राहून आठवत होती.

सगळे येऊन बसले, बारकी इस्त्री केलेले कपडे घालून सगळ्यात शेवटी आली. थोरल्याने प्रुफं पाठीमागे धरली होती.

“पुढे ठेव ती,” अध्यक्ष म्हणाले. “सकाळी तुम्ही उठायच्या आत वाचली मी. टेबलावर प्रुफं असली की मला चहासुद्धा गोड लागत नाही.”

थोरल्याने प्रुफं टेबलावर ठेवली. ते म्हणाले की विरामचिन्हांच्या चुका त्यांनी सुधारल्या आहेत. एका ठिकाणी कामगारांच्या हाताला शाई लागलेली आहे. साबणाच्या कारखान्यात शाई कुठून आली, याचा लेखिकेने विचार करावा.

बारकीचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. अध्यक्षांनी तिच्याकडे पाहिलं, आणि त्या पाहण्यात रागापेक्षा दुसरंच काही होतं, ते तिला रागाहून जड गेलं.

“मी विचारायचो की नाही?” ते म्हणाले. “प्रत्येक ठरावाला विचारायचो. दुसरीकडचे अध्यक्ष विचारतसुद्धा नाहीत.”

“विचारायचात, आजोबा.”

“मग?”

तिने उत्तर पाठ केलं होतं. परीक्षकांपुढे हेच उत्तर तिने चांगलं दहा वाक्यांत, दोन विद्वानांच्या आधाराने दिलं होतं. इथे तिला एकच वाक्य सुचलं.

“विचारून थांबायचा नाहीत.”

बाबांनी डोळे मिटून घेतले. ते लगेच मध्ये पडले, आणि त्यांना मध्ये पडावंसं वाटलं याचं कारण निवडणूक एवढंच नव्हतं. म्हाताऱ्याला असं कुणी बोललेलं त्यांना बघवत नव्हतं. ते म्हणाले की हा विषय वाढवण्यात अर्थ नाही, टॅक्सी येईल. पोरीला बक्षीस मिळालंय, तिने ते मानाने घ्यावं, चौथं प्रकरण सोडून बाकीचं वाचावं, आणि ते वार्षिकात छापायचं की नाही हे रविवारनंतर बघू. थोरल्याने मान डोलावली. आई खाली बघत राहिली.

अध्यक्षांनी हे सगळं ऐकून घेतलं. आतून ते फार अस्वस्थ होते. सकाळपासून ते एकेक सभा आठवून बघत होते. खुर्च्या आठवत होत्या, ठराव आठवत होते, पण ‘हरकत कोणाची?’ म्हटल्यावर समोरच्यांचे चेहरे कसे दिसायचे, ते काही केल्या आठवत नव्हतं. चष्मा काढल्यावर त्यांना चेहरे दिसत नसत, हे तर साधं कारण होतं. पण ते चष्मा नेमका तेव्हाच का काढायचे, हे त्यांना आज इतक्या वर्षांनी स्वतःला विचारावं लागलं होतं.

“ठराव असा,” ते म्हणाले. “बारकीने आज चौथं प्रकरण सोडून बाकीचं वाचावं. हरकत कोणाची?”

हात सवयीने चष्म्याकडे गेला. चष्मा न काढता तो त्यांनी तसाच खाली घेतला.

आणि मग ते थांबले.

या प्रश्नानंतर खोलीत काय असतं ते या घरात आजवर कुणाला ठाऊक नव्हतं. पंख्याची एक पाती करकरत होती. थोरल्याने पाय हलवायला सुरुवात केली. बाबा पुढच्या दोन शब्दांची वाट बघत होते, आणि ते शब्द येत नव्हते. बारकीला बोलता येत नव्हतं, कारण जिच्याबद्दल ठराव आहे तिला मत नाही, हा नियम जुना होता आणि त्याला तरी कधी कुणी हरकत घेतली नव्हती.

आत्या सवयीप्रमाणे उठली होती. स्वयंपाकघराच्या दारापर्यंत पोचलीसुद्धा होती. एरवी एव्हाना मागून ‘मंजूर’ ऐकू यायचं आणि तिला पुढे जाता यायचं. आज मागून काही येईना. ती दारात अडकल्यासारखी उभी राहिली, आणि हातातल्या कागदाला आता आणखी घडी बसत नव्हती.

“माझी आहे,” ती म्हणाली.

तिने हे इतक्या हळू म्हटलं की बाबांना वाटलं ती काही शोधते आहे.

“काय आहे, ताई?”

“हरकत. माझी हरकत आहे.” ती वळली. “मी बोललेय ते. क्रमांक नऊ मीच आहे. लपवून काय उपयोग, अख्खा छापखाना माझ्या हातचा चहा पितो. ते वाचलं जावं असं मला वाटतं. मला लाज वाटणारे, तुझ्या शेजारी तो सेक्रेटरी बसलेला असेल तर जास्तच वाटेल. पण वाचलं जावं.”

“ताई, तुला मशीन हवं होतं?” बाबांनी विचारलं. प्रकरणातला तो भाग त्यांनी वाचला होता, पण तो साबणाच्या कारखान्यातल्या कुणाचा तरी आहे अशा थाटात वाचला होता. माणूस स्वतःला हवं तेव्हा पटकन फसवतो.

“हवं होतं,” आत्या म्हणाली. “तेव्हा कुणी विचारलं असतं आणि जरा थांबलं असतं, तर सांगितलं असतं.” मग ती परत येऊन आपल्या खुर्चीवर बसली.

ठरावाला हरकत आली तर मतदान घ्यायचं, हे नियमात अध्यक्षांनीच लिहून ठेवलं होतं, पण कधी घ्यायची वेळ आली नव्हती. त्यांनी घसा साफ केला. ठरावाच्या बाजूने कोण, असं विचारलं. बाबांनी हात वर केला, थोरल्याने केला. बाबांचा हात नेहमीपेक्षा कमी उंचीवर होता, पण होता.

विरुद्ध कोण, म्हटल्यावर आत्याने हात वर केला. आणि तिच्या पाठोपाठ आईने.

बाबांनी बायकोकडे पाहिलं. आईला स्वतःलाही आपल्या हाताचं नवल वाटत होतं. मघाशी तिनेच सुचवलेला मध्यम मार्ग होता हा. ती म्हणाली की इस्पितळात डॉक्टर दिवसातून दहादा विचारतात, सिस्टर, ठीक आहे ना, आणि पुढच्या खाटेकडे चालू लागतात. ती रोज म्हणते, ठीक आहे. बाकी तिला काही सांगायचं नव्हतं.

“दोन आणि दोन,” थोरला म्हणाला. “आता अध्यक्षांचं निर्णायक मत.”

सगळ्यांनी अध्यक्षांकडे पाहिलं. बारकी टेबलाची कड धरून उभी होती. तिच्या सगळ्या वर्षाचं काम आता त्या एका म्हाताऱ्या हातात होतं, आणि तो हात काठीच्या मुठीवर उघडमीट करत होता. ठरावाला नाही म्हणावं तर मुलाची निवडणूक, त्यांचं स्वतःचं नाव, इतक्या वर्षांचं एकमत जाणार. हो म्हणावं तर ही पोर आणि दारातून परत आलेली ही मुलगी दुखावणार. तर हे असं असतं, त्यांना वाटलं. समोर हो आणि नाही दोन्ही ठेवलेलं असतं आणि सुटका नसते.

ते काठी टेकून उठले.

“मी चहा टाकतो,” म्हणाले, आणि स्वयंपाकघरात गेले.

आतून भांडं पडल्याचा आवाज आला. मग नळ सुटल्याचा.

“आता याचं काय धरायचं?” थोरल्याने दबक्या आवाजात विचारलं.

उत्तर बारकीला येत होतं, पण तिने ओठ घट्ट मिटून घेतले, कारण तिला मत नव्हतं. उत्तर बाबांनाही येत होतं. निवडणुकीसाठी त्यांनी नियम गेला महिनाभर तोंडपाठ केले होते. ते बराच वेळ स्वतःच्या हाताकडे बघत बसले. त्या हाताच्या नखांत शाई होती, धुऊन न जाणारी.

“मतं समान झाली आणि अध्यक्षांनी मत दिलं नाही, तर ठराव पडतो,” ते म्हणाले. “पडला. वाच तू.” मग थोड्या वेळाने, तिच्याकडे न बघता, “मोठ्याने वाच. त्या सभागृहात मागे ऐकू येत नाही.”

बारकीला रडू आलं आणि तिने ते लपवलं नाही. आईने उठून तिच्या बाहीची चौथी इस्त्री हाताने केली.

“अगं,” आतून हाक आली. “पत्ती कुठल्या डब्यात असते?”

खोलीतल्या सगळ्या नजरा सवयीने आत्याकडे वळल्या. आत्याने खुर्चीत पाठ टेकली. तिचे पाय उठायला बघत होते, ते तिने एकावर एक ठेवले.

“फळीवर, अण्णा,” ती म्हणाली. “शोधा. सापडेल.”

बरंच शोधल्यावर सापडली असावी. बाहेर टॅक्सी येऊन उभी राहिली, तिने दोनदा हॉर्न वाजवला, थोरला तिला थांबायला सांगून आला. शेवटी अध्यक्ष ताटात कप ठेवून बाहेर आले. काठी आतच राहिली होती, त्यामुळे ते फार सावकाश चालत होते आणि निम्मा चहा ताटात आला होता. पहिला कप त्यांनी आत्यापुढे ठेवला. तिने एक घोट घेतला.

“कसा झालाय?” त्यांनी विचारलं, आणि ती सांगेपर्यंत तिथेच उभे राहिले.